नदीनं राखलेली जागा

परवा रात्री मामाचा फोन आला. पाऊसपाणी, तब्येती, कुणाकुणाची लग्नं वगैरे झाल्यावर म्हणाला, "मळीच्या रानाचं काय करायचं ते तुम्हा भाचरांनीही सांगा बाबा. एकाचं म्हणणं भराव टाकून गुंठ्यागुंठ्याचे प्लॉट पाडू. ग्रामपंचायत बागेसाठी मागतेय. झोपाळे, घसरगुंडी, चालायला फरशी... तुझं काय मत?"

"विचार करून सांगतो," असं नेहमीचं पुणेरी उत्तर देऊन मी फोन ठेवला.

मळी म्हणजे नदीकाठचं, पुरानं गाळ आणून टाकलेलं रान. आमचं आजोळ सांगलीजवळ, कृष्णेच्या काठी. (गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. हा ब्लॉग वाचणारे निम्मे लोक घरचेच, त्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी आपापलं गाव तिथं घालून वाचावं.)

फोन ठेवल्यावर पहिला प्रश्न पडला तो असा, की आमच्या गावाला बाग कधीच नव्हती. मग मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं सकाळपासून दिवे लागेपर्यंत असायचो कुठे? नदीवर! घाटाच्या पायऱ्या, वरचा पिंपळाचा पार, पाण्यापलीकडची वाळू आणि अलीकडे ही मळी. म्हातारी माणसं पारावर, बाया पायऱ्यांवर, पोरं पाण्यात आणि गुरं खालच्या अंगाला. म्हणजे गावाला बाग होती, फक्त तिला कुणी बाग म्हणत नव्हतं.

मग ही जागा कुणी राखली, हा प्रश्न डोक्यात शिरला आणि दोन-तीन रविवार त्यातच गेले. जे हाती लागलं ते लिहितोय.

सुरुवात वरून, वाईपासून करू. वाईचे घाट आणि जवळच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा घाट ही पेशवाईतली कामं. बांधणाऱ्या सरदारांच्या मनात करमणूक वगैरे काही नव्हतं. पुण्य पदरी पडावं, स्नानसंध्येची सोय व्हावी, देवळासमोर पायऱ्या असाव्यात, एवढाच हेतू. पण पायरी ही वस्तूच अशी आहे, की तिच्यावर माणूस आंघोळीपेक्षा बसूनच जास्त राहतो. कृष्णाबाईच्या उत्सवात वाईचे घाट पाळीपाळीनं गजबजतात. ते बघताना पूजा कुठं संपली आणि मजा कुठं सुरू झाली, हे सांगता येत नाही.

वाईच्या ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. त्याची मागची बाजू सपाट नाही, ती माशासारखी निमुळती केली आहे, म्हणजे पुराचं पाणी तिथं फुटून दोन्ही बाजूंनी निघून जावं. बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं, की आपण नदीच्या घरात बांधतोय आणि घरमालकीण वर्षातून एकदा येणार. तिला अडवायचं नाही, वाट करून द्यायची.

मला वाटतं, सगळ्या कृष्णाकाठच्या मोकळ्या जागेचं रहस्य इथं आहे. ती जागा राजानं राखली नाही की गावानं. ती राखली पुरानं. जिथं दर पावसाळ्यात पाणी चढतं तिथं कुणी वाडा बांधत नाही, कुंपण घालत नाही. घातलं तरी ते आश्विनात शोधायला खाली दोन गावं जावं लागतं! म्हणून तिथं उरतं काय, तर दगडी देऊळ, पायऱ्या, समाध्या, पार. आणि पाणी उतरलं की गाळात कृष्णाकाठची वांगी.

आता खाली, सांगलीकडे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी मिरजेतून वेगळं होऊन सांगलीला राजधानी केली. राजधानीचं शहर वाढलं, तसं तिथल्या लोकांना पाय मोकळे करायला जागा लागली, आणि ती मिळाली हरिपूरच्या वाटेवर. नदीच्या कडेकडेनं जाणारा रस्ता, दुतर्फा चिंचेची झाडं, वाटेत बागेतला गणपती आणि शेवटी कृष्णा-वारणेचा संगम नि संगमेश्वर. सांगलीकरांच्या कितीतरी पिढ्यांना "हरिपूरपर्यंत जाऊन येतो" म्हणजे फिरायला जाऊन येतो, हे वेगळं सांगावं लागलं नाही. श्रावणी सोमवारी तर जत्राच. 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच हरिपूरचे. आमचे आजोबा सांगायचे, गावाला असा पार असल्यावर नाटकं सुचायचीच!

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा मी अगदी खूश होतो. किती छान, सगळ्यांची जागा... आणि मग आजीनं सांगितलेलं एक वाक्य आठवलं. आमच्या गावात एक 'वरचा घाट' आणि एक 'खालचा पाणवठा' होता. लहानपणी मला वाटायचं वरचा म्हणजे उंचावरचा. तसं नव्हतं. खालचा म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाचा. वरच्या घाटावर अंघोळी, धुणी झाली की तेच पाणी वाहत पुढं जायचं, आणि ते ज्यांना प्यावं लागायचं त्यांची वस्ती त्या बाजूला होती.

याच जिल्ह्यातली एक गोष्ट आहे. १९०१ साली भीमराव नावाचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा आपल्या भावंडांबरोबर साताऱ्याहून आगगाडीनं मसूरला उतरला. वडील खटाव तालुक्यात नोकरीला होते, त्यांना भेटायला निघालेली ही पोरं. महार म्हटल्यावर कुणी गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन आणि गाडी स्वतः हाकायच्या अटीवर बैलगाडी मिळाली. जवळ फराळाचा डबा होता, पण पाणी कुणी दिलं नाही म्हणून ती रात्री तशीच उपाशी झोपली. डॉ. आंबेडकरांनी पुढं हे स्वतः लिहून ठेवलं. मसूर कऱ्हाड तालुक्यातलं. कृष्णेच्या मुलखातली पाण्याची ही गोष्ट आहे. पुढं १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला, तो कागदावरच राहिला म्हणून १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं, आणि १९५० साली राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर स्नानाचे घाटही आले. घाट! मी ते वाचून थबकलोच. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेत आमच्या गावच्या पायऱ्यांची नोंद आहे. ती करावी लागली, यातच सगळं आलं.

तेव्हा नदीनं जागा मोकळी ठेवली हे खरं, पण ती सगळ्यांना खुली केली ती माणसांनी, भांडून. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि 'जुनं ते सोनं' म्हणताना आपण त्यांची गल्लत करतो.

स्वातंत्र्यानंतर काठाला नवं निमित्त मिळालं, स्मारकाचं. १९४९ मध्ये साताऱ्याचा दक्षिण भाग वेगळा जिल्हा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. पण नदी एकच राहिली. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि मग दोघी मिळून पूर्वेकडे वळतात, तो प्रीतिसंगम. १९८४ साली यशवंतराव चव्हाण गेले, त्यांची समाधी तिथं आहे. त्यांच्या आत्मचरित्राचं नावही 'कृष्णाकाठ'. समाधीजवळ बाग झाली, आणि आज संध्याकाळी कऱ्हाडची पोरं तिथं भेळ खातात. सांगलीत वसंतदादा पाटलांचं स्मारकही कृष्णेच्या काठीच. पेशवाईत देवाच्या निमित्तानं जे मिळत होतं, ते आता नेत्याच्या निमित्तानं मिळू लागलं. निमित्त बदललं, बसणं तेच!

आणि आत्ताचं चित्र? तेही सांगायला हवं. वाळूचा उपसा इतका झाला, की आम्ही जिथं आट्यापाट्या खेळलो ती वाळूच राहिली नाही. सांगलीच्या शेरी नाल्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं नदीत जात राहिलं. मगरींच्या भीतीनं भिलवडी, औदुंबरपासून सांगलीपर्यंत पोरांना पाण्यात उतरू द्यायला आया घाबरतात. पोहायला शिकवायची नदी ही आता लांबून बघायची झाली. पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा मात्र दोन्ही काठ अजून माणसांनी फुलतात, तेवढाच दिलासा.

त्यात राखणदाराचा धाकही गेला. वर कोयना आणि धोम झाली, आणि लोकांना वाटलं आता पूर येत नाही. हळूहळू काठावर भराव पडले, घरं आली. आणि मग २००५ आला. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोका पातळी मानतात, पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. हरिपूरची हळदीची जमिनीतली पेवं त्यात गेली. २०१९ मध्ये ५७ फुटांच्याही वर. त्या आठवड्यात आमच्या मळीत फक्त नारळाचे शेंडे दिसत होते. मामा गच्चीवरून बघत होता. म्हणाला होता, "बघ, आली स्वतःच्या घरात."

गंमत अशी, की सरकारी कागदही हेच म्हणतो. पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकाप्रमाणे नदीपासून निळ्या पूररेषेपर्यंतचा पट्टा, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, हा बांधकामाला निषिद्ध. तिथं काय चालेल? बाग, खेळाचं मैदान, हलकी पिकं. वाईच्या देवळाची निमुळती भिंत जे सांगते तेच, फक्त सरकारी मराठीत.

एवढं वाचून माझं मत ठरलं. प्लॉट नकोत. बागेला द्यावी. पण भराव न घालता, सिमेंटची फरशी न घालता. झाडं पाण्यात टिकणारी लावावीत, आणि वाट दोन्ही बाजूंनी ठेवावी, वरच्या घाटाकडून आणि खालच्या पाणवठ्याकडूनही. पुण्यात बसून असं म्हणणं सोपं आहे, हे मला कळतं. मामाच्या घरात दोन लग्नं व्हायची आहेत, आणि गुंठ्याचा भाव मलाही ठाऊक आहे. म्हणून फोन करण्याआधी आईला विचारलं. हिस्सा तिचा, माझा नाही.

आईनं सगळं ऐकून घेतलं. घटना, पूररेषा, सगळं. मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "आम्हा पोरींना नदीवर जायला मिळायचं ते धुण्याची बादली घेऊनच. नुसतं बसायला म्हणून एकदासुद्धा गेले नाही मी. रिकाम्या हातानं कुणी सोडलंच नसतं." थोड्या वेळानं म्हणाली, "द्या बागेला. एक बाकडं मात्र पाण्याकडं तोंड करून टाकायला सांग."

मामाला उद्या सकाळी फोन करतोय. घरच्या मंडळींनी रागवायचं असेल तर तेवढ्यात रागवून घ्या!

असो. तुमच्या गावच्या नदीवर बसायची जागा कुणी राखली होती, आणि तिथं कुणाला बसू देत नव्हते, हे आठवलं तर जरूर लिहा.