कोजागरीच्या वाटेवरची खाज

आज आपण खाजेबद्दल बोलणार आहोत. हसू नका. खाज ही चारचौघांत बोलायची गोष्ट नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणूनच तिच्यापायी बायका गुपचूप फार सोसतात.

आपल्या सोलापूरकडच्या बाईला सुट्टी मिळते ती कशी? चार दिवसांचं माहेरपण, पंढरीची वारी, नाहीतर कोजागरीला तुळजापूरची पायी वाट. सोलापूर ते तुळजापूर 45 किलोमीटर. कोजागरीला आपल्या भागातून लाखो माणसं आईच्या दर्शनाला चालत जातात. एका वर्षी आमच्या गटातल्या आम्ही बाराजणी निघालो. पुरुषमंडळी रात्रीच्या गारव्यात पुढे गेली. आम्ही घरचं आवरून, भाकरी बांधून सकाळी निघालो. तामलवाडी येईपर्यंत ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकीच्या मानेवर आणि हातांवर बारीक पुरळ उठला. खाज अशी की तिला देवीपुढे हात जोडून उभं राहवेना. घरी आल्यावर आठवडाभरात पुरळ बसला, पण त्या जागी फिकट ठिपके राहिले. मग सुरू झालं. घरातलं कुणी म्हणालं, कोड आहे. शेजारचं कुणी म्हणालं, महारोग असेल. तिचं ताट आणि तांब्या वेगळा झाला. कुणीतरी बावचीचं तेल आणून दिलं. ते लावून ती तुरीत खुरपायला गेली, आणि दोन दिवसांत हातावर टरारून फोड आले.

शेवटी आम्ही दोघी-तिघी तिला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्या दिवशी ब्लाउजची बाही कुठपर्यंत होती?" आम्ही पाहिलं. पुरळाच्या खुणा बाहीपाशी रेघ मारल्यासारख्या थांबल्या होत्या. पाठीवर, पोटावर काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हे कोडही नाही आणि महारोगही नाही. हे उन्हाचं आहे.

एवढी साधी गोष्ट कळायला माणसाला किती वर्षं लागली, ते आम्ही मग शोधत गेलो. तीच गोष्ट आज सांगतो.

ऊन भाजतं हे आदिमाणसालाही ठाऊक होतं. पण कातडीला त्रास देणाऱ्या किरणाचा पहिला पत्ता लागला 1801 साली. जर्मनीत योहान रिटर नावाच्या संशोधकाने चांदीच्या क्षाराचा थर दिलेला कागद इंद्रधनुष्याच्या रंगांत धरला. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे कागद सगळ्यात लवकर काळा पडला. तिथे न दिसणारा प्रकाश होता. त्यालाच आपण आज अतिनील किरण म्हणतो. पुढे 1900 साली डेन्मार्कच्या कार्ल राश या डॉक्टरांनी उन्हाने उठणाऱ्या खाजऱ्या पुरळाला वेगळं नाव दिलं. त्या नावाचा अर्थ, अनेक रूपं घेणारा उन्हाचा पुरळ. कुणाला लाल फोड्या येतात, कुणाला चट्टे. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तो पुष्कळदा बारीक, फिकट पुटकुळ्यांच्या रूपात येतो. म्हणूनच तो कोडासारखा वाटतो. आणि हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो.

त्याची चाल ओळखता येते. बरेच दिवस सावलीत किंवा ढगाळ हवेत गेले आणि मग एकदम कडक ऊन लागलं, की काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी तो उठतो. म्हणून तो फाल्गुन-चैत्रात येतो, आणि पाऊस सरल्यावर आश्विनातही येतो. म्हणजे नेमका आपल्या यात्रांच्या दिवसांत. पुढे रोज थोडं थोडं ऊन लागत गेलं की कातडी सरावते आणि बऱ्याच जणींचा त्रास कमी होतो. हे किरण काचेतूनही येतात, त्यामुळे एसटीच्या बंद खिडकीशी बसून गेलेल्या बाईचा एकच हात खाजतो, असंही होतं.

बावचीची गोष्टही याच इतिहासातली. बावचीचं बी कोडावर लावून उन्हात बसवायची रीत आपल्या देशात फार जुनी आहे. त्या बियांत एक द्रव्य असतं, ते कातडीला उन्हाच्या बाबतीत हळवं करतं. 1948 साली इजिप्तच्या एल मोफ्ती या डॉक्टरांनी तिकडच्या एका वनस्पतीतलं त्याच जातीचं द्रव्य कोडावर वापरून दाखवलं, आणि पुढे त्यातून आजचे उपचार निघाले. पण ते डॉक्टर मोजून देतात, आणि प्रकाशही मोजून देतात. उन्हानेच खाजणाऱ्या हातावर बावची लावून रानात जाणं म्हणजे आगीत तेल ओतणं. आमच्या मैत्रिणीचे फोड तिथूनच आले होते. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तरी तसाच प्रकार होतो, कातडी भाजते आणि काळे डाग राहतात.

आता त्याच वाटेवरच्या दुसऱ्या मैत्रिणीची गोष्ट. तिचं दुखणं वेगळं होतं. तिच्या पापण्या सुजत, मानेच्या वळ्या आणि कोपराच्या खोबणी खाजून खाजून जाड झालेल्या. दर वर्षी भादव्यापासून सुरू. उन्हात वाढायचं, म्हणून तीही म्हणायची की ऊन बाधतं. तिचा दोषी मात्र रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या फुलांनी डोलत उभा होता. गाजर गवत.

हे गवत आपलं नाही. ते मूळचं मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या मुलखातलं. 1955 साली पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर ते दिसलं, आणि 1956 साली राव नावाच्या वनस्पतितज्ज्ञांनी त्याची नोंद छापली. ते अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं, असं सगळे सांगतात. पीएल-480 हे नाव तुमच्या आजे-सासऱ्यांनीही घेतलं असेल. पण तारखा लावून पाहिल्या तर गंमत दिसते. त्या कायद्याखालचा भारताचा करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये, आणि गवत पुण्यात त्याच्या आधीच उगवलेलं होतं. अमेरिकेचा गहू मात्र 1951 पासूनच कर्जाने येत होता. तेव्हा एकाच करारावर बोट ठेवता येत नाही. परदेशी धान्यात मिसळून बी आलं असावं, एवढंच जाणकार मानतात. काँग्रेस गवत हे नाव लोकांनी ठेवलं. कुणी म्हणतं त्या काळच्या सरकारमुळे, कुणी म्हणतं फूल गांधी टोपीसारखं पांढरं म्हणून. आपल्या बायकांनी त्याला चटकचांदणी म्हटलं. चटका देणारी चांदणी. आमच्या मते सगळ्यात खरं नाव हेच.

एका झाडाला हजारो बिया येतात, आणि त्या धुळीसारख्या हलक्या असतात. रस्ता, रेल्वे, कालवा, बाजार जिथे जिथे गेला, तिथे हे गवत गेलं. 1972 चा दुष्काळ आठवत असणाऱ्या आजींना मिलो, म्हणजे रेशनची तांबडी ज्वारी आठवते, आणि दुष्काळी कामावर फोडलेली खडीही आठवते. त्या काळात बायका पदर तोंडाला गुंडाळून दिवसभर उन्हात रस्ते बांधत होत्या, आणि त्याच वर्षांत हे गवत मुलूखभर पसरत होतं.

माणसांना त्याची बाधा होते हे पुण्याच्या डॉक्टरांनी ओळखलं. डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर 1974 साली लंडनच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. पहिल्यांदा हात लागला की काही होत नाही. वर्षानुवर्षं संबंध आला की एखाद्याचं अंग त्याला शत्रू मानायला लागतं, आणि मग वाळलेल्या गवताचा वाऱ्यावर उडणारा कणही पुरतो. दुखणं जुनं झालं की पुष्कळांच्या कातडीला ऊनही सोसेनासं होतं.

त्या काळच्या नोंदी वाचताना आम्ही एका जागी थांबलो. रोगी म्हणून लिहिलेले बहुतेक पुरुष आहेत. अभ्यासक म्हणतात, पुरुष उघड्यावर जास्त वावरतात. पण खुरपं कुणाच्या हातात असतं, मैत्रिणींनो? बांधावरचं गवत कोण उपटतं? पदराने आणि लांब बाहीने काहीजणींना वाचवलं असेल, हे खरं. पण किती जणी दवाखान्यापर्यंत पोचल्याच नसतील, असं आम्हाला वाटल्यावाचून राहत नाही. जी दवाखान्यात पोचत नाही, तिची खाज इतिहासातही नोंदली जात नाही.

गवताशी झुंजही झाली. 1983 साली मेक्सिकोतून त्याची पानं खाणारे भुंगे बंगळुरूला आणले आणि 1984 मध्ये सोडले. पुढे ते आपल्याकडेही आले. पावसाळ्यात ते गवताचा फडशा पाडतात, पण गवत पुरतं संपत नाही. टाकळ्याची दाट वाढ झाली की गाजर गवत दबतं, हेही दिसून आलंय. 16 ते 22 ऑगस्ट हा आठवडा देशभर गाजर गवत निर्मूलनाचा म्हणून पाळतात. ते फुलायच्या आधीच काढायचं. बाधा असलेल्या बाईने मात्र काढायला जायचंच नाही. बाकीच्यांनी हातमोजे घालून, पूर्ण बाहीचा शर्ट चढवून, नाकाला रुमाल बांधून, जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं. वाळलेलं गवत जाळून त्याचा धूर अंगावर घेऊ नये.

आता यात्रेला निघताना काय करायचं ते सांगतो.

दहा ते चार या वेळात सावली धरा, चाल पहाटे आणि संध्याकाळी करा. पूर्ण बाहीचा, दाट विणीचा, गडद रंगाचा सुती सदरा साडीवर घाला. आजीचा जाड सुती पदर हे चांगलं औषध होतं. हल्लीच्या झिरझिरीत पदरातून ऊन आरपार येतं, आणि ओला झाला तर जास्तच. मलम परवडत असेल तर उन्हाचं मलम चेहऱ्याला, मानेला लावा, पण कापड आधी.

पुरळ उठलाच तर ऊन टाळा, गार पाण्याची घडी ठेवा, साधं खोबरेल लावा, नखं कापा. आणि जागा पाहा. झाकलेल्या, घामाच्या जागी बारीक पुटकुळ्या असतील तर घामोळ्या. गांधी उठून काही तासांत मावळत असतील तर पित्त. उघड्या जागीच असेल तर ऊन. पापण्या आणि सांध्यांच्या वळ्या धरल्या असतील तर गवताचा संशय घ्या.

दुकानातून विचारून आणलेली खाजेची ट्यूब तोंडाला लावू नका. तिच्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते, लाल होते, लव येते. 2018 साली सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, ती उगीच नाही.

पुरळाबरोबर ताप, सांधेदुखी, तोंडात फोड, केस गळणं असेल, गालांवर नाकावरून जाणारा लाल पट्टा उठला असेल, किंवा नवीन गोळी सुरू केल्यावर ऊन बाधायला लागलं असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. चट्टा खाजत नाही, उलट तिथे टोचलेलं कळत नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तो कुष्ठरोग असला तरी औषध फुकट मिळतं आणि माणूस बरा होतो. आणि कोड असलं तरी ते स्पर्शाने पसरत नाही. ताट वेगळं करायचं कारण यातल्या कशालाही नाही.

आमच्या मैत्रिणीचे ठिपके दोन-तीन महिन्यांत भरून आले. ताट परत पंगतीला यायला त्याहून जास्त दिवस लागले. पुढच्या कोजागरीला ती पूर्ण बाहीचा सदरा घालून आमच्याबरोबर चालली, आम्ही निघालो पहाटे चारला. गाजर गवतवाली दुसरी मैत्रीण रस्त्याच्या कडेने नाही, मधोमध चालली, आणि आम्ही तिच्या दोन्ही बाजूंनी.

तुमच्या गटातल्या कुणाची बाही कुठे संपते आणि खाज कुठे सुरू होते, ते पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा.