कुलाब्याचे आरसे

श्रोते हो, उन्हाच्या बळावर पंप चालतो याचे आज कोणाला नवल वाटत नाही. पण असा पंप आपल्या मुंबईत १८७८ सालीच चालला होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

मुंबईच्या उच्च न्यायालयात विल्यम अ‍ॅडम्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ नोकरीला होते. वाफेच्या इंजिनाला जळण लागे, आणि ते महाग पडे. मग या देशात जे ऊन फुकट पडते आहे, त्याचाच उपयोग का करू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. फ्रान्समध्ये ऑगस्टिन मूशो यांनी शंकूसारख्या चकचकीत परावर्तकाने पाण्याची वाफ केली होती. परंतु तसला परावर्तक खर्चाचा. अ‍ॅडम्सनी साधे सपाट आरसे घेतले, ते अर्धवर्तुळात मांडले आणि साऱ्यांची तिरीप एका बॉयलरवर पाडली. सूर्य सरकेल तशी आरशांची मांडणी माणसाने सरकवायची. एवढ्यावर कुलाब्याच्या आवारात पंप चालला! १८७८ सालीच त्यांनी यावर इंग्रजीत पुस्तकही छापले.

पुढे २००७ साली स्पेनमध्ये सेव्हिल शहराजवळ वीजकेंद्र सुरू झाले. मध्ये उंच मनोरा, भोवती ६२४ मोठे आरसे. कल्पना तीच, फक्त पसारा मोठा.

आता मोबाईलवर 'सौर मनोरा' एवढेच शब्द टाकून पाहा. मोठमोठ्या कंपन्यांची नावे आधी दिसतील. कुलाब्याचे आरसे बहुधा दिसणार नाहीत. असे का व्हावे?

याचे कारण शोधयंत्राच्या जन्मातच आहे. १९९८ साली अमेरिकेत सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी गूगलची रीत मांडली. ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात, ते पान वर. आता असे पाहा, ज्या दुकानाचे नाव बाजारात सगळे घेतात तिथेच गिऱ्हाईक जाते. कोपऱ्यातला कसबी लोहार राहून जातो. जाहिरातीवर चालणारे शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकेल, असे या दोघांनीच त्या लेखात लिहून ठेवले होते. आणि २००० साली त्यांच्याच यंत्रावर जाहिराती सुरू झाल्या.

या झुकत्या मापाचा फटका नुसत्या इतिहासाला बसत नाही, मंडळी. २०१९ साली शेतकऱ्यांना सौरपंप देणारी कुसुम योजना निघाली, आणि पाठोपाठ तिच्या नावाची खोटी संकेतस्थळेही निघाली. नोंदणीच्या नावाखाली पैसे मागितले जाऊ लागले. केंद्रीय मंत्रालयाला लोकांना सावध करावे लागले. वर दिसले ते खरे मानणाऱ्याचे पैसे गेले.

मग करावे काय? पहिली गोष्ट, 'जाहिरात' किंवा 'स्पॉन्सर्ड' असा शिक्का असलेली पाने बाजूला ठेवा. दुसरी, शब्द बदला. वस्तूचे नाव घालण्याऐवजी काम घाला: 'आरशांनी वाफ', 'उन्हावर पाणी उपसणे'. त्याला गावाचे नाव किंवा साल जोडा. मराठीतही विचारा आणि इंग्रजीतही. तिसरी, एकाच यंत्रावर विसंबू नका. दुसऱ्यावरही तोच प्रश्न टाका. चौथी, नव्या शोधाची खातरजमा पेटंटच्या नोंदीत करा. भारतीय पेटंट कार्यालयाच्या नोंदी फुकट पाहता येतात. आणि योजनेचा अर्ज करण्यापूर्वी पत्ता सरकारीच आहे ना, हे कृषी कार्यालयात विचारून घ्या.

गुरुजनहो, वर्गात एकच प्रश्न चार मुलांना चार तऱ्हेच्या शब्दांनी शोधायला सांगा. उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. कोणते नाव सगळीकडे आले आणि कोणते एकाच ठिकाणी, ते मुलांनाच हेरू द्या. एकाच ठिकाणी आलेल्या त्या नावाचा माग काढायला लावा. कोण जाणे, तो आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या कारागिराच्या दारात जाऊन पोहोचेल!