पोस्ट बॉक्स 25, बार्नेट

रात्री रेडिओचा काटा फिरवत दूरची स्टेशनं शोधण्याचा नाद मला शाळेपासून आहे. म्हणूनच ब्रिटनमधल्या हौशी श्रोत्यांची ही हकिकत मला फार जवळची वाटते.

1939 मध्ये महायुद्ध सुरू होताच तिथल्या हॅम मंडळींचे ट्रान्समीटर सरकारनं ताब्यात घेतले. रिसीव्हर मात्र घरीच राहिले. मग गुप्तवार्ता यंत्रणेनं त्यांतल्याच निवडक लोकांना गाठलं. काम काय, तर देशात लपलेल्या जर्मन हेरांचे संदेश पकडायचे. हेर फारसे सापडलेच नाहीत. सापडलं ते युरोपभर पसरलेल्या जर्मन हेरखात्याचं जाळं!

असे सुमारे दीड हजार जण होते. दिवसा नोकरी, रात्री कानाला हेडफोन. खरखरीतून क्षीण मोर्स टिपायचा, अर्थ न कळणारी अक्षरं कागदावर उतरवायची आणि पाकिटावर पत्ता लिहायचा : पोस्ट बॉक्स 25, बार्नेट. घरच्यांनाही सांगायची सोय नव्हती.

डिसेंबर 1940 मध्ये ब्लेचली पार्कच्या तज्ज्ञांनी या हेरखात्याची एक सांकेतिक लिपी फोडली, वर्षभरात त्यांचं एनिग्माही. आपली थाप बर्लिनला पटली की नाही, हे ब्रिटिशांना शत्रूच्याच संदेशांतून कळू लागलं. ज्यांनी ते टिपले त्यांना मात्र युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षं याचा पत्ता नव्हता.