मानमोडी, दुष्काळ आणि गर्भाचे पोषण
१९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेली इन्फ्लुएन्झाची साथ, जिला मराठी मुलखात मानमोडी म्हणत, सप्टेंबर-ऑक्टोबरमधील अधिक घातक लाटेत दख्खनभर पसरली, तेव्हा तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते आणि सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता आणि महायुद्धामुळे धान्य आधीच महागले होते. हा योग दुर्लक्षिण्याजोगा नाही, कारण गर्भवतीच्या शरीरात उपासमार आणि संसर्ग एकाच ठिकाणी, म्हणजे वारेवर, आघात करतात.

वार, शास्त्रीय परिभाषेत अपरा, हा केवळ मधला पडदा नव्हे. तिच्या पेशी आईच्या रक्तातील ग्लुकोज वाहक प्रथिनांच्या साहाय्याने पलीकडे नेतात. अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, मात्र गर्भाच्या रक्तात मुळातच अधिक असल्याने ती नेण्यासाठी त्यांना ऊर्जा खर्चावी लागते. न्यूमोनियाने आईच्या रक्तातील प्राणवायू घटला की ही ऊर्जा तुटपुंजी पडू शकते, आणि संसर्गातून उसळलेला दाह रक्तवाहिन्यांत पसरला की वारेचा रक्तपुरवठाही घटू शकतो. रुबेला किंवा झिका यांचे विषाणू वार ओलांडतात, इन्फ्लुएन्झाचा क्वचितच. तरीही विषाणू न शिवलेल्या गर्भाची वाढ खुंटू शकते.

तत्कालीन वैद्यकाला हे उमगणे अशक्य होते. मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेले मिशन रुग्णालय शस्त्रक्रियेसाठी नावाजले होते, परंतु फायफर यांनी १८९२ मध्ये वर्णिलेला जिवाणूच या रोगाचे कारण असल्याचा समज जगभर प्रबळ होता. माणसातील इन्फ्लुएन्झाचा विषाणू १९३३ मध्ये लंडनला सापडला. गावच्या नोंदींत साथीचे कितीतरी मृत्यू नुसत्या ‘तापा’खाली गेले, जन्मवजनाची तर बातच नको.

डग्लस अल्मंड यांनी २००६ मध्ये अमेरिकी जनगणनेवरून दाखवले की साथीच्या वेळी गर्भात असलेल्यांचे शिक्षण आणि उत्पन्न मागेपुढे जन्मलेल्यांपेक्षा कमी राहिले. हा निष्कर्ष साताऱ्याला जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे, कारण येथे दुष्काळ आणि मानमोडी यांचे परिणाम वेगळे काढणे जवळजवळ अशक्य आहे, आणि तसा हट्ट इतिहासकाराने धरूही नये. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून अभ्यासकाने सांगलीकडच्या तालुक्यांची दप्तरे साताऱ्याच्या आणि उरलेली संस्थानांच्या कागदांत शोधावीत, आणि १९१८ च्या मृत्यूंबरोबर १९१९ च्या जन्मांचा रकानाही वाचावा.