जॉश गिब्सनचा हिशेब

मे २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने आपल्या विक्रमांच्या वहीतलं सर्वांत वरचं नाव बदललं. कारकिर्दीच्या सरासरीत कित्येक दशकं टाय कॉब पहिला होता, ०.३६७ वर. आता त्याच्या वर जॉश गिब्सन आला, ०.३७२ वर. एका हंगामाच्या सरासरीचा विक्रमही त्याच्याच नावावर गेला, १९४३ सालचा ०.४६६. बेब रूथचेही एक-दोन विक्रम त्याच्याकडे आले. गंमत अशी की हे सगळं मिळवण्यासाठी गिब्सनने त्या दिवशी बॅट हातात धरली नव्हती. त्याला जाऊन सत्त्याहत्तर वर्षं झाली होती.

बेसबॉलची सरासरी आपल्या क्रिकेटसारखी धावांची नसते. फलंदाज मोजक्या हजार संधींपैकी किती वेळा फटका मारून निदान पहिल्या बेसवर सुखरूप पोचला, एवढंच त्यात पाहतात. हजारात तीनशे वेळा जमलं की खेळाडू उत्तम समजला जातो. मराठी मुलखात बसून बेसबॉल बघणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरचं लोकांना हसू येतं. पण तिथला संध्याकाळचा सामना इथे पहाटे लागतो आणि शाळेला निघायच्या आधी माझ्या चार-सहा इनिंग होतात. या खेळाची खरी चटक मला सामन्यांपेक्षा आकड्यांनी लावली. दीडशे वर्षांत कोणी किती फटके मारले याची नोंद ठेवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. म्हणूनच त्या नोंदीतून कोण गळालं, हा प्रश्न मला पहिल्यापासून छळतो.

मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना बंदी आहे असा कायदा कुठे लिहिलेला नव्हता. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचा काळा कॅचर टोलेडोकडून खेळलाही. त्यानंतर मालकांनी आपसात ठरवून टाकलं आणि दार बंद झालं. कागदावर नसलेला नियम कागदावरच्या नियमापेक्षा जास्त टिकतो, कारण तो रद्द करायला कोणी मागणी करू लागलं तर मुळात नियमच नाही असं सांगता येतं. न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस १९२० पासून १९४४ मध्ये मरेपर्यंत बेसबॉलचे सर्वेसर्वा होते. त्या चोवीस वर्षांत मेजर लीगमध्ये एकही काळा खेळाडू उतरला नाही.

मग काळ्या लोकांनी आपलं दुकान वेगळं थाटलं. १९२० च्या फेब्रुवारीत रूब फॉस्टरने कॅन्सस सिटीत बैठक घेऊन निग्रो नॅशनल लीग उभी केली. (हा शब्द आज कोणी कोणाला उद्देशून वापरत नाही, पण लीगचं नाव तेच होतं.) पुढे अशा आणखी लीग निघाल्या. लीगचे सामने कमी आणि बाकी वेळ गावोगाव बसने फिरून मिळेल त्या संघाशी खेळायचं, असा त्यांचा धंदा. हॉटेलात खोली मिळत नसे, खाणावळीत जेवण मिळत नसे. होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सचा कॅचर गिब्सन याच फिरस्तीतून मोठा झाला. २० जानेवारी १९४७ रोजी तो गेला, तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. पुढच्या तीन महिन्यांत, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि बंद दार उघडलं.

दार उघडलं, पण वही उघडली नाही. १९६९ मध्ये बेसबॉलने एक समिती नेमली. आजवरच्या कोणत्या लीग ‘मेजर’ मानायच्या हे तिने ठरवायचं होतं. तिने सहा लीग निवडल्या. १८८४ साली एकच हंगाम चालून बंद पडलेली युनियन असोसिएशनही त्यात बसली. निग्रो लीग नाकारल्या असंही झालं नाही, त्यांचा विचारच झाला नाही. समितीतले सगळे गोरे होते. माझ्या मते नाकारण्यापेक्षा हे वाईट. नाकारायला निदान समोरच्याची दखल घ्यावी लागते.

ही वही भरून काढली ती बहुतांशी हौशी संशोधकांनी. त्यांचा आधार म्हणजे काळ्या समाजाची स्वतःची साप्ताहिकं. पिट्सबर्ग कुरिअर, शिकागो डिफेंडर, बाल्टिमोरचं आफ्रो-अमेरिकन. गोरी दैनिकं या सामन्यांना जेमतेम जागा देत, ही साप्ताहिकं धावफलक छापत. त्या जुन्या अंकांतून एकेका सामन्याचा फलक उतरवून, ताडून, बेरजा जुळवून वर्षानुवर्षं हे काम चाललं. आपल्याकडच्या जुन्या उर्दू-मराठी साप्ताहिकांच्या फायली रद्दीच्या भावाने जाताना पाहिल्या की मला हे काम आठवतं. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातल्या सात निग्रो लीगना ‘मेजर’ दर्जा दिला, आणि २०२४ मध्ये तेवीसशेहून अधिक खेळाडूंचे आकडे मुख्य वहीत चढले.

यावर शौकिनांत भांडण झालं. गिब्सनचे हंगाम छोटे, मग कॉबशी तुलना कशी, हा मुख्य आक्षेप. आक्षेप पोकळ नाही. छोट्या हंगामात सरासरी फुगते हे खरंच आहे. पण कोविडच्या २०२० सालात मेजर लीगने स्वतः साठच सामन्यांचा हंगाम खेळवला आणि त्याचे आकडे बिनतक्रार धरले. बेसबॉलचे अधिकृत इतिहासकार जॉन थॉर्न यांनी सांगितलं की त्यामुळेच निग्रो लीगच्या छोट्या हंगामांचा फेरविचार सुचला. आणि निग्रो लीगचे हंगाम छोटे का होते? ज्यांनी दार लावलं त्यांनीच आता आत यायला उशीर झाला म्हणून दंड मागायचा, हे मला पटत नाही. शिवाय कॉबच्या ०.३६७ मध्येही एक गोष्ट कमी आहेच. आपल्या साऱ्या मेजर लीग कारकिर्दीत त्याला एकाही काळ्या पिचरचा चेंडू खेळावा लागला नाही.

एक बाब मात्र मला मनापासून आवडली. हॉल ऑफ फेममधल्या गिब्सनच्या पाटीवर त्याने जवळजवळ आठशे होम रन मारल्याचं लिहिलं आहे. नव्या वहीने ती दंतकथा उचलली नाही. लीगच्या सामन्यांतले, कागदावर सापडलेले तेवढेच धरले, आणि ते दोनशेच्याही आत आहेत.

१९४३ हे साल मुंबईच्या क्रिकेटच्या जाणकारांच्याही ओळखीचं आहे. तेव्हा आपल्याकडे संघ धर्मावर पाडलेले होते. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा ‘रेस्ट’. त्या पेंटँग्युलर स्पर्धेत सांगलीच्या ख्रिस्ती विजय हजारेंनी ब्रेबॉर्नवर रेस्टच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने केल्या. ती व्यवस्था चांगली होती असं मी म्हणणार नाही, १९४६ नंतर ती बंद पडली ते बरंच झालं. पण हे संघ वेगळे असूनही एकमेकांशी खेळत. म्हणून हजारेंचे ३०९ पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या वहीत आहेत. त्याच वर्षीच्या गिब्सनच्या ०.४६६ ला ऐंशी वर्षं बाहेर थांबावं लागलं.

नव्या हिशेबाने जिवंत माणसांनाही थोडं दिलं. विली मेज १९४८ मध्ये, शाळेत असतानाच, बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून खेळला होता. त्या वर्षाचे दहा फटके जोडून त्याचे ३,२९३ झाले. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, १८ जूनला तो त्र्याण्णवाव्या वर्षी गेला. दोनच दिवसांनी त्याच्या जुन्या रिकवूड मैदानावर जायंट्स आणि कार्डिनल्सचा सामना झाला. कार्डिनल्सनी ६-५ ने जिंकला. पण लक्षात राहिला तो रेगी जॅक्सन. सामन्याआधी त्याला टीव्हीवर विचारलं, इथे परत येऊन कसं वाटतं? सोहळ्याला शोभेल असं तो काही बोलला नाही. १९६७ मध्ये याच शहरात संघासोबत असताना कुठे जेवू दिलं नाही, कुठे राहू दिलं नाही, ते त्याने एकेक सांगितलं.

वही १९४८ पाशी थांबते. ७५५ होम रनवाला हँक आरन १९५२ मध्ये इंडियानापोलिस क्लाउन्स या निग्रो लीगच्या संघाकडून काही महिने खेळला. ते सामने अजून मोजलेले नाहीत.