नाशिकचे आफ्रिकी : मिशनची वाट प्रत्यक्षात कोण चाललं?

आजचा विषय आहे आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांत चर्चच्या कामासाठी जाणारे स्वयंसेवक. हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. युरोप-अमेरिकेतून आलेले तरुण, शाळेच्या भिंती रंगवताहेत, विहीर खणताहेत, मुलांबरोबर फोटो काढताहेत. हे चित्र खोटं नाही. दरवर्षी असे गट जातात, आणि त्यांतले बरेच जण मनापासून जातात. पण या चित्राला दीडशे वर्षांमागचा एक इतिहास आहे आणि त्याची एक वाट आपल्या नाशिकमधून जाते. आज आपण त्या वाटेनं जाणार आहोत.

नाशिककरांना शरणपूर रोड सांगायला नको. रोज तिथून ये-जा होते, पण हे नाव कुठून आलं याचा विचार सहसा कोणी करत नाही. 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्यानं नाशिकच्या वेशीबाहेर ख्रिस्ती वस्ती उभी केली. शरण आलेल्यांचं गाव, म्हणून शरणपूर. याच काळात ब्रिटिश आरमाराच्या बोटी अरबी समुद्रात आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम नेणारी गलबतं पकडत होत्या. त्यांत सापडलेली माणसं, विशेषतः मुलं, परत कुठे सोडायची हा प्रश्न होता. किनाऱ्यावर सोडलं तर पुन्हा पकडली जाणार. म्हणून काहींना मुंबईत उतरवलं गेलं आणि त्यांतली काही मुलं शरणपूरच्या आश्रमात आली. तिथे त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं आणि बाप्तिस्मा दिला. नावंही नवी मिळाली. त्यांतली बरीच नावं पाद्री आणि देणगीदारांच्या आडनावांवरून ठेवलेली. म्हणून या गोष्टीत सायमन प्राइस, एडवर्ड गार्डनर, जेकब वेनराईट अशी माणसं भेटतात आणि ती सगळी आफ्रिकी असतात.

आता 1865 कडे येऊ. डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईत आला होता. नाईल नदीचा उगम शोधायचा आणि गुलामांच्या व्यापाराची हकीकत जगापुढे मांडायची, हा त्याचा बेत. त्यानं तांडा जमवला तो मुख्यतः मुंबई इलाख्यातून. 13 शिपाई, नाशिकचे 9 तरुण, आणि मुंबईतच राहत असलेले सुसी, अमोडा, चुमा आणि विकटानी हे चौघे. चुमा आणि विकटानी हे 1861 साली गुलामांच्या तांड्यातून सोडवलेले मुलगे, पुढे मुंबईत मिशनच्या शाळेत शिकले. कोमोरो बेटांपैकी जोहाना बेटावरचे 10 जण या तांड्यात आले. शिवाय उंट, म्हशी, खेचरं आणि गाढवं. त्से-त्से माशीपुढे ही जनावरं टिकतात का, हे लिव्हिंगस्टनला पाहायचं होतं. ती टिकली नाहीत. जानेवारी 1866 मध्ये लिव्हिंगस्टन झांझिबारला पोहोचला.

यानंतरची सात वर्षं म्हणजे आजार, उपासमार आणि गळती. जनावरांना मारझोड करणाऱ्या शिपायांना परत पाठवलं गेलं. जोहानाचे लोक सोडून गेले आणि त्यांनी झांझिबारला जाऊन लिव्हिंगस्टन मेल्याची खोटी बातमी दिली. नाशिकच्या नऊ जणांतही काही गळाले. लिव्हिंगस्टन आपल्या रोजनिशीत नाशिकच्या मुलांबद्दल कधी वैतागून लिहितो, ती आळशी आहेत म्हणतो. इथे आपण जरा थांबलं पाहिजे. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, मग परक्या देशात वाढलेला, आणि आता पुन्हा त्याच मुलखात डोक्यावर ओझं घेऊन चालणारा वीस-बावीस वर्षांचा तरुण. त्याला आळशी म्हणणारी रोजनिशी आपल्याजवळ आहे, पण त्याच्या बाजूनं त्या दिवशी कोणी काही लिहून ठेवलेलं नाही. इतिहासाच्या कागदपत्रांचं हे नेहमीचं दुखणं आहे.

1872 मध्ये लिव्हिंगस्टनच्या मदतीला आणखी माणसं आली. त्यांत नाशिकचे जेकब वेनराईट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार हे होते. 1 मे 1873 च्या सुमारास आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारला. आता त्याचे सोबती मोकळे होते. त्यांच्यावर हुकूम चालवणारा कोणी गोरा माणूस तिथे नव्हता. ते प्रेत पुरून घरी जाऊ शकले असते. पण त्यांनी बैठक घेऊन वेगळं ठरवलं. त्यांनी काळीज झाडाखाली पुरलं. वेनराईटनं प्रार्थना वाचली आणि झाडावर अक्षरं कोरली. देह उन्हात वाळवून झाडाच्या सालीत आणि कापडात बांधला आणि साठ-सत्तर जणांचा तांडा किनाऱ्याकडे निघाला.

प्रेत घेऊन जाणाऱ्यांना वाटेतली गावं थारा देत नसत. म्हणून पुढे त्यांनी देहाचा कापडाच्या गठ्ठ्यासारखा आकार केला आणि प्रेत परत पाठवल्याचा देखावा केला. उन्यान्येंबेला ब्रिटिश अधिकारी कॅमेरॉन भेटला. इथेच पुरून टाका, असं त्याचं मत. तांड्यानं ते ऐकलं नाही. फेब्रुवारी 1874 मध्ये ते बागामोयोला पोहोचले. 18 एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत जेकब वेनराईट होता. सुसी आणि चुमा यांना मात्र दफनाला वेळेवर नेलं गेलं नाही. ते नंतर इंग्लंडला गेले आणि त्यांनी लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या रोजनिशा छापण्याच्या कामात मदत केली. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं या सोबत्यांसाठी पदकं पाडली. पदकावर शेवटपर्यंत इमानी राहिल्याचा गौरव. बघा, शब्द इमानी. हा शब्द चाकराला लावतात. मोहिमेचा निर्णय स्वतः घेऊन ती पार पाडणाऱ्याला आपण पुढारी म्हणतो.

गोष्ट इथे संपत नाही. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर 1873 मध्ये झांझिबारला गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या वाटाघाटीला गेले. जून महिन्यात सुलतान बर्गशनं करारावर सही केली आणि गुलामांचा बाजार बंद झाला. सुटलेल्यांसाठी मोंबासाजवळ वसाहत करायचं ठरलं. ती उभी करायला कोणाला पाठवलं? शरणपूरच्या प्राइसलाच. आणि त्याच्या पाठोपाठ शंभरावर नाशिकचे आफ्रिकी गेले. 1875 मध्ये फ्रिअरटाउन वसलं. तिकडे या लोकांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. शाळेतले मास्तर, सुतार, लोहार, दुभाषी, प्रवचन करणारे, सगळी कामं यांच्याकडे. जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे तर त्याच्या दहा वर्षं आधीपासून मोंबासाच्या परिसरात काम करत होते.

पण अधिकार कोणाकडे? गोऱ्या मिशनऱ्यांकडे. 1881 च्या सुमारास फ्रिअरटाउनचा व्यवस्थापक स्ट्रीटर लोकांना फटके मारतो, कोंडून ठेवतो, अशा तक्रारी झाल्या. चौकशी झाली आणि घडी बसवायला प्राइसला पुन्हा पाठवावं लागलं. गुलामीतून सोडवलेल्या माणसांच्या गावात चाबूक आला, हे मिशनच्या हितचिंतकांनाही गिळणं जड गेलं.

याच्या उलट राबाईकडे पाहा. तिथलं काम विल्यम जोन्स सांभाळत होते. 1885 मध्ये त्यांना आणि सेमलरना बिशप हॅनिंग्टननं दीक्षा दिली. त्याच वर्षी जोन्स हॅनिंग्टनबरोबर युगांडाच्या वाटेला गेले. बिशप मारला गेला आणि उरलेला तांडा घेऊन जोन्स 1886 मध्ये राबाईला परतले. राबाईत किनाऱ्यावरच्या मालकांकडून पळून आलेले गुलाम आश्रयाला येत. मिशनच्या वरिष्ठांना मालकांशी आणि सुलतानाशी भांडण नको होतं. जोन्सनी मात्र पळून आलेल्यांना राहू दिलं. प्रकरण इतकं वाढलं की शेवटी ब्रिटिश कंपनीच्या मॅकेन्झीनं मालकांना भरपाई देऊन 1 जानेवारी 1889 ला सुमारे 1,400 लोकांना मुक्तीचे दाखले दिले. स्वतः गुलाम असलेला माणूस पळालेल्याला परत पाठवत नाही. हे समजायला फार मोठं तत्त्वज्ञान लागत नाही.

मग आपला मूळ प्रश्न : हे लोक स्वयंसेवक होते का? आश्रमात वाढलेल्या मुलाला 'जातोस का?' असं विचारलं, तर 'नाही' म्हणणं किती सोपं असतं? 1866 मध्ये निघालेल्यांना हा शब्द लावायला आम्ही कचरतो. पण 1873 मध्ये चितांबोच्या गावात झालेला निर्णय त्यांचा होता, आणि राबाईचं दार उघडं ठेवणं हाही. सेवा स्वेच्छेनं झाली की नाही, हे निघताना कोणी काय सांगितलं यावरून नाही ठरत. परत फिरण्याची मोकळीक असताना माणूस काय करतो, यावरून ठरतं.

आजच्या गटांसाठीही यातून काही घेण्यासारखं आहे. दोन आठवड्यांसाठी जाणाऱ्याचं नाव अहवालात येतं. त्याच्या आधी आणि नंतर तिथे राहणारा मास्तर, दुभाषी, गवंडी यांचं नाव बहुधा येत नाही. जायला हरकत नाही, पण तिथे कोण आधीपासून काम करतंय आणि निर्णय कोणाच्या हातात आहेत, हे दोन प्रश्न निघण्याआधी विचारावेत.

मॅथ्यू वेलिंग्टन 1935 पर्यंत मोंबासात जगला. त्या तांड्यातला तो शेवटचा. मोंबासाच्या त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. फ्रिअरटाउनची घंटा तिथे होती. नाशिकला शरणपूर, मोंबासाला केंगेलेनी. दोन्ही नावं रोज लोकांच्या तोंडी आहेत.

आज इथेच थांबू या. प्रश्न जरूर विचारा, आपण त्यावर बोलू.