वालूरची बारव आणि पाण्याचा धर्म

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात वालूर हे जुने गाव आहे. गावाच्या नावाचे नाते वाल्मीकी ऋषींशी सांगितले जाते. अलीकडे मात्र वालूरचे नाव राज्यभर झाले ते तिथल्या चक्राकार बारवेमुळे. एरवी बारवेच्या पायऱ्या एका, दोन, तीन किंवा चार बाजूंनी सरळ खाली उतरतात आणि त्यावरूनच शिल्पशास्त्राने नंदा, भद्रा, जया, विजया अशी नावे दिली आहेत. वालूरला पायऱ्या गोल वळण घेत पाण्याकडे जातात. अशी रचना महाराष्ट्रात फार क्वचित दिसते.

बारव बांधणे हे दान होते. विहीर, तळे, बाग, अन्नछत्र यांना धर्मशास्त्राने ‘पूर्त’ म्हटले. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या तेराव्या शतकातल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त दानावर अख्खा एक खंड आहे. मराठवाड्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात या दानाचे मोल वेगळे सांगायला नको. पाणी कितीही खाली गेले तरी पायऱ्या उतरून घागर बुडवता येई. उन्हातून आलेला वाटसरू थंडाव्याला टेकत असे. भिंतीतल्या देवकोष्ठांपुढे हात जोडले जात, काठावर साती आसरा या जलदेवतांची पूजा होई. शरीराची तहान, मनाचा विसावा आणि श्रद्धा यांची सोय एकाच दगडी बांधकामात झालेली होती.

पण हे दान सगळ्यांपर्यंत पोहोचले नाही. गावोगावच्या पाणवठ्यांवर अस्पृश्यांना मज्जाव होता. जोतीराव फुल्यांनी 1868 साली घरचा हौद खुला केला, 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर महाडला चवदार तळ्यावर गेले. पायरीच्या विहिरींचे कौतुक करताना हा इतिहास गाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

दुसरा प्रश्न आरोग्याचा होता. ज्या पायऱ्यांमुळे पाणी हाताशी आले, त्यांच्यामुळेच नारूही पसरला. नारू झालेला माणूस पायाची आग शमवायला पाण्यात उतरे. जखमेतून अळ्या पाण्यात जात, तिथे बारीक जलपिसवांच्या पोटात वाढत आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या अंगात शिरत. सुमारे वर्षभराने हात-दोन हात लांबीचा जंत कातडी फोडून बाहेर येई. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर जखम चिघळे. म्हणून नारू निर्मूलनाच्या मोहिमेत पाणी गाळून पिण्याचा आग्रह धरला गेला आणि पायविहिरी बंद करण्यावर भर दिला गेला. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली आढळला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पायविहिरी बंद करण्याचा निर्णय योग्यच होता.

त्याआधीच 1972च्या दुष्काळानंतर बोअर आणि हातपंप गावोगाव आले होते. नळ आला, बारवेची गरज संपली आणि तिचा उकिरडा झाला. अनेक गावांची हीच कथा आहे.

वालूरच्या बारवेतही गाळ, माती आणि झुडपे माजली होती. रोहन काळे यांच्या ‘महाराष्ट्र बारव मोहिमे’ने राज्यभरातल्या बारवांची नोंद सुरू केली, त्याच ओघात वालूरकर श्रमदानाला उतरले. हे काम कष्टाचे असते. सांध्यांत शिरलेली पिंपळाची मुळे जपून काढावी लागतात, जोर लावला तर चिरा निखळतो. गाळ टिकावाने सोडवायचा, घमेल्यात भरायचा आणि पायरीपायरीवर उभे राहून हातोहात वर द्यायचा. या साखळीत कोणाच्या हातून घमेले आले हे कोणी विचारत नाही. जुन्या पाणवठ्याला जे साधले नव्हते, ते इथे घडते. मोकळ्या झालेल्या बारवांमध्ये महाशिवरात्रीला दीपोत्सव करण्याची प्रथाही या मोहिमेने रुजवली.

गाळ मात्र दर पावसाळ्यात पुन्हा येतो. सेलूकडे जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून वालूरची बारव जरूर पाहावी आणि आपल्या गावची बारव कोणत्या अवस्थेत आहे, तेही परतल्यावर जाऊन पाहावे.